धोट्याची चाल

मंगळवारी सकाळी चहाचा दुसरा घोट घेता घेता दिगंबर होगाडे थांबले. कप तसाच ओठांशी धरून त्यांनी मान किंचित वळवली. मागच्या दारातून त्यांचा कुत्रा आत येत होता आणि फरशीवर त्याची पावलं वाजत होती.

"काय झालं? माशी पडली का चहात?" मालनबाईंनी विचारलं.

"तिसरा ठोका उशिरा पडायलाय."

"कुणाचा?"

"धोट्याचा. मागचा डावा पाय."

मेथी निवडणारा मालनबाईंचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी हातातलं देठ मोडलं आणि म्हणाल्या, "कुत्रं आहे ते. माग नव्हे."

इचलकरंजीतल्या एका यंत्रमागाच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, दिगंबररावांनी अडतीस वर्षं जॉबर म्हणून काढली होती. माग लावणं, त्यांची कुरकुर ओळखणं, मोडायच्या आत दुरुस्त करणं हे जॉबरचं काम. अठ्ठेचाळीस माग एकदम चालू असले की दोन माणसांना कानाशी ओरडून बोलावं लागे. त्या खडखडाटात दिगंबरराव मधल्या वाटेनं सावकाश चालत जायचे आणि एखाद्या मागापाशी उभे राहून हातानं खूण करायचे, हा बंद करा. तो माग तोवर नीट कापड विणत असायचा. खोलल्यावर आत एखादी झिजलेली बुश निघायची. आवाज उशिरा आला म्हणजे कुठंतरी झीज आहे, एवढंच त्यांचं शास्त्र, आणि ते सहसा चुकत नसे. कानात कापसाचे बोळे घालून काम करणारे ते खात्यातले एकटेच होते. लोक हसायचे. पण बरोबरीचे जॉबर साठीच्या आत बहिरे झाले आणि दिगंबररावांना सहासष्टाव्या वर्षीही शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येत होत्या.

ते जुने माग आता भंगारात गेले होते. नव्या मागांत हवेच्या झोतानं सूत पळतं; पूर्वी ते काम लाकडी धोटा करायचा, ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे, मिनिटाला दीडशे वेळा. कुत्रा पिल्लू असताना पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत तसाच पळायचा, म्हणून मालनबाईंनी त्याचं नाव धोटा ठेवलं. पाच वर्षांचा, तांबूस, लांब तंगड्यांचा गावठी कुत्रा. कुत्रा चालतो तेव्हा त्याचे चार पाय एका ठरलेल्या क्रमानं पडतात: मागचा उजवा, पुढचा उजवा, मागचा डावा, पुढचा डावा. दिगंबररावांना तो क्रम रोज सकाळी चहाबरोबर ऐकायची सवय होती.

त्यांनी धोट्याला जवळ बोलावलं. मागचा डावा पाय खुब्यापासून खाली चाचपला, गुडघा वाकवून सरळ केला, पंजा उलटा करून गादीत काटा आहे का पाहिलं. काही नव्हतं. धोट्यानं त्यांचं मनगट चाटलं.

"बघा, काही नाही," मालनबाई म्हणाल्या.

"आहे," दिगंबरराव म्हणाले.

एरवी ते पंधरा दिवस नुसतं ऐकत राहिले असते. पण त्याच गुरुवारी धोट्याचा विमा काढायचा होता.

कुत्र्यांचे विमे आधीही होते, पण लोक तो हौशीचा मामला समजायचे. चालपट आल्यावर चित्र पालटलं. चालपट म्हणजे दारात अंथरायच्या सतरंजीएवढा एक पट. त्याच्या विणीत वीज वाहून नेणारे तंतू असतात. पाऊल पडलं की दाबानं त्या जागेचा विद्युतरोध बदलतो, आणि कुठं किती भार पडला याची नोंद सेकंदाला हजार वेळा होते. कुत्रा हे दुखणं लपवणारं जनावर आहे. तो लंगडायला लागतो तेव्हा सांध्यातली कूर्चा बरीचशी झिजून गेलेली असते. पण त्याच्या कितीतरी आधी, त्याला दुखू लागण्याच्याही आधी, शरीर त्या पायावरचा भार शंभरात दोन-तीन भागांनी कमी करतं आणि हळूच दुसऱ्या पायांवर टाकतं. हे डोळ्यांना दिसत नाही. पटाला दिसतं. बारा लाख कुत्र्यांची चाल नोंदवून, त्यांतल्या प्रत्येकाचं पुढं काय झालं हे ताडून पाहिल्यावर पट आधीच सांगू लागला: या कुत्र्याचा हा सांधा साधारण पंधरा महिन्यांनी बिघडेल.

त्यावर इलाजही निघाला होता. कुत्र्याच्याच पेशी वाढवून कूर्चेचं ठिगळ तयार करायचं आणि झिजलेल्या जागी बसवायचं. वेळेत बसवलं तर कुत्रा पुन्हा पळतो. मात्र होगाड्यांसारख्या घराला हा इलाज विम्याशिवाय झेपण्यातला नव्हता.

आणि गाठ बसली ती इथेच. विमा पुढं होऊ शकणाऱ्या आजाराचा असतो. आधीपासून असलेल्या आजाराचा नसतो. पण पंधरा महिन्यांनी होणारा आजार आजच दिसत असेल, तर तो आधीचा म्हणायचा की पुढचा? कंपन्यांनी आपल्यापुरतं उत्तर ठरवून टाकलं. पटाला दिसला म्हणजे तो आहे.

तेव्हापासून दोन प्रकारच्या पॉलिसी मिळू लागल्या. एक 'डोळस'. तीत कुत्र्याला आधी पटावरून चालवायचं. पडद्यावर जो पाय पिवळा, म्हणजे पुढं बिघडणारा, दिसेल तो जन्मभरासाठी वगळला जाणार, बाकी सगळ्याला पहिल्या दिवसापासून संरक्षण. दुसरी 'कोरी'. तीत पट नाही, हप्ता थोडा जास्त, आणि खाली एक सही: प्राण्यात कोणतंही लक्षण माझ्या माहितीत नाही. बहुतेक लोक कोरी घ्यायचे. त्यामुळे गावात एक नवीच रीत पडली होती. जनावरांच्या दवाखान्याच्या दारातच पट अंथरलेला असे, आणि कोरी पॉलिसी घ्यायच्या आधी लोक कुत्र्याला त्यावर पाऊल ठेवू देत नसत. गेल्या महिन्यात लस टोचायच्या दिवशी चौगुले मास्तर आणि त्यांचा जावई अडतीस किलोचा लॅब्रडॉर चारी पायांनी उचलून पटावरून पलीकडं नेत होते.

"मास्तर, हे काय?" दिगंबररावांनी विचारलं होतं.

"माहीत नसलेलं बरं," मास्तर धापा टाकत म्हणाले होते. चाळीस वर्षं त्यांनी विज्ञान शिकवलं होतं.

नाशिकहून मुलगी अश्विनी रोज फोन करत होती. "अप्पा, कोरीच घ्या. विचार करू नका. सही करायची आणि मोकळं व्हायचं." दिगंबररावांनी सोमवारपर्यंत तेच ठरवलं होतं.

•

गुरुवारी विमा कंपनीच्या छोट्या कार्यालयात निकिता लायकरनं दोघांना पाणी दिलं. ज्या खात्यात दिगंबरराव कामाला होते ते तिच्या आजोबांचं. आता त्याच शेडमध्ये पार्टिशन घालून चार कार्यालयं झाली होती आणि निकिताचं टेबल साधारण सव्विसाव्या मागाच्या जागी होतं.

"काका, नियम असा आहे," ती म्हणाली. "मी तुम्हाला पॉलिसी समजावून सांगायची. मग तुम्ही ती तुमच्या शब्दांत मला उलट सांगायची. त्याशिवाय मला ती विकता येत नाही. नाहीतर लोक सही करतात आणि वर्षानं येऊन भांडतात."

तिनं वीस मिनिटं सांगितलं. दिगंबररावांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. मग चष्मा काढून पुसत ते म्हणाले, "अपघात, गाडीखाली आला, गच्चीवरून पडला, हे सही केल्याच्या दिवसापासून. आजार पंधरा दिवसांनंतर. शस्त्रक्रिया, औषधं, दवाखान्यात राहणं धरून. कुणाला चावला तर त्या माणसाचा दवाखाना. हरवला तर शोधायची जाहिरात. बरोबर?"

"बरोबर. आणि कशाला नाही?"

"लसी नाहीत. आंघोळ, केस कापणं, नखं कापणं नाही, ती निगा झाली. पिल्लं होणं नाही."

"ते याला कुठलं होतंय," मालनबाई पदर सावरत म्हणाल्या. निकिता हसली.

"आणि आधीपासून असलेलं काही नाही," दिगंबररावांनी पुरं केलं. "ते म्हणजे लक्षण. त्याचा अर्थ पान अकरावर दिलाय. 'मालकाला दिसलेला, ऐकू आलेला वा जाणवलेला कोणताही बदल.'"

"हं. ऐकू आलेला म्हणजे खोकला, घोरणं वगैरे."

"पण तसं लिहिलेलं नाही. नुसतं ऐकू आलेला लिहिलंय."

"काका, दुसरं काय ऐकू येणार?"

मालनबाईंनी टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय ठेवला. दिगंबररावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मला फॉर्म घरी नेऊ दे," ते म्हणाले.

घरी आल्यावर धोटा दोघांच्या मधून तीनदा पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत पळाला आणि मग सावकाश चालत येऊन त्यांच्यासमोर बसला. तेवढ्या चालण्यातही दिगंबररावांना तिसरा ठोका ऐकू आला. केसभर उशिरा.

"तुम्हाला काय ऐकायला येतंय ते तुमच्या कानात," मालनबाई म्हणाल्या. "कंपनी काय कानात डोकावून बघणार आहे? उद्या खरंच पाय गेला तर या मुक्या जनावराला काय सांगणार? माझ्या कानासाठी तुझा पाय घालवला म्हणून?"

दिगंबररावांनी फॉर्मची घडी उलगडली. मग म्हणाले, "सतरा नंबरचा माग आठवतो?"

मालनबाईंचा हात आपसूक उजव्या भुवईकडं गेला. तिथं एक पांढरट रेघ होती. लग्नाआधी त्या त्याच खात्यात कांड्या भरायच्या, म्हणजे धोट्यात बसवायच्या सुताच्या नळ्या. एका दुपारी सतरा नंबरच्या मागातून धोटा उडाला तो थेट त्यांच्या कपाळावर. तीन टाके पडले होते.

"त्या दिवशी सकाळीच मला ऐकू आलं होतं," दिगंबरराव म्हणाले. "ठोका उशिरा यायला लागला होता. डब्याची वेळ झालेली. म्हटलं, जेवून बघू. अर्धा तास बोट वर केलं नाही मी. अर्धा इंच खाली लागला असता तर डोळा गेला असता तुझा."

"एक्केचाळीस वर्षं हे पोटात ठेवलंत?"

"ठेवलं."

"मग लग्न काय नुकसानभरपाई म्हणून केलंत?"

"नाही. टाके घालताना तू डॉक्टरला ज्या शिव्या दिल्यास त्या ऐकून केलं."

मालनबाईंना हसू आवरलं नाही. पण ते लवकर विरलं. त्या उठल्या, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या, आणि मागं न वळताच म्हणाल्या, "लिहा काय लिहायचं ते."

दिगंबररावांनी कोऱ्या पॉलिसीच्या फॉर्मवर लक्षणांच्या रकान्यात बारीक, सरळ अक्षरात लिहिलं: 'मागचा डावा पाय फरशीवर केसभर उशिरा पडतो. ऐकू येते.'

•

लक्षण लिहिलं म्हटल्यावर पटावर जाणं आलंच. शनिवारी ते धोट्याला डॉ. ऐश्वर्या बुगड यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. दारात पोचताच दिगंबरराव गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी पटाची कड बोटांत धरली.

"हा आडवा बाणा तांब्याचा आहे का, डॉक्टर?"

"तांब्याचा मुलामा दिलेलं सूत आहे, काका."

"वीण चांगली आहे. पण या कडेचे सहा धागे सुटलेत."

"तिथं कुणी पाय ठेवत नाही. तिथूनच तर कुत्री उचलून नेतात," डॉक्टर म्हणाल्या.

धोटा पटावरून सहा वेळा गेला. पडद्यावर चार पायांच्या चार रेघा उमटल्या, एकीवर एक ठेवाव्यात अशा सारख्या. मग त्यांच्या शेजारी चार हिरवे ठिपके आले.

"निकोप आहे," डॉक्टर म्हणाल्या. "भार चारी पायांवर हवा तसा. डावा पाय उशिरा पडतच नाहीये. हजाराव्या भागाचाही फरक नाही."

मालनबाई बाकावर बसल्या आणि त्यांनी पदरानं डोळे टिपले. दिगंबररावांनी आश्चर्यानं त्यांच्याकडं पाहिलं. कुत्रा धडधाकट निघाला हे खरं, पण त्यात रडण्यासारखं काय होतं, हे त्यांना कळलं नाही.

आनंद दोन दिवस टिकला. सोमवारी कंपनीचं पत्र आलं. पटाची नोंद चांगली, पण मालकानं जाहीर केलेलं लक्षणही नोंदवलेलं. पंधरा दिवसांत त्या लक्षणाचं कारण कळवावं, नाहीतर मागचा डावा पाय पॉलिसीतून कायमचा वगळण्यात येईल.

"पट म्हणतोय ठीक आहे, मग झालं की," मालनबाई फोनवर निकिताला म्हणाल्या.

"काकू, पट शंभरातल्या सहा वेळा चुकतो, हे कंपनीला माहीत आहे. त्या सहांसाठीच तर मालकाला विचारतात." निकितानं जरा थांबून आवाज खाली आणला. "काकांना सांगा, 'ऐकण्यात चूक झाली' एवढंच लिहून सही करा. तसा रकानाच आहे. उद्याच्या उद्या सगळं मिटेल."

दिगंबररावांनी सही केली नाही. त्यांनी खडू आणला. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत फरशीवर खुणा केल्या, आणि रोज सकाळी धोट्याला चपातीचा तुकडा दाखवत त्यावरून चालवलं. जाजमावर चालवलं तर फरक ऐकू येत नव्हता. अंगणातल्या मातीवर नव्हता. फरशीवर मात्र दरवेळी होता. त्यांनी खुबा चाचपला, गुडघा चाचपला, घोटा चाचपला. ते सांध्यांमध्येच झीज शोधत राहिले, कारण उशिराचा आवाज त्यांच्या आयुष्यात नेहमी सांध्यातूनच आला होता. दिवसागणिक ठोक्यातला फरक थोडा कमी झाल्यासारखा वाटत होता. हेही त्यांनी वहीत लिहून ठेवलं. मोडणारी वस्तू आपोआप सुधारत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि म्हणून ते आणखीच कोड्यात पडले.

अश्विनीचा फोन आला. "अप्पा, तुमच्या कानापायी त्याचा पाय जाईल."

"माझा कान खोटं बोलत नाही गं."

"मी कुठं खोटं म्हणते? वय झालंय म्हणते."

त्या फोननंतर दोन दिवस दिगंबरराव जेवताना मीठ कमी आहे हेही म्हणाले नाहीत. धोटा मात्र खुशीत होता. चपातीचे इतके तुकडे त्याला आजवर कधी मिळाले नव्हते.

तेराव्या दिवशी दुपारी ते जेवणाच्या टेबलाशी फॉर्म घेऊन बसले. मालनबाई समोर शेंगा सोलत होत्या. दिगंबररावांनी पेनाचं टोपण काढलं आणि शेवटचा रकाना वाचला. 'मला ऐकण्यात चूक झाली होती.' खाली सहीची जागा.

"काय करायलाय?" मालनबाईंनी विचारलं.

"सही. त्याचा पाय महत्त्वाचा. माझा कान काय, आणखी पाच-दहा वर्षांचा."

ते हे सहज बोलले. पण पेन कागदावर टेकवण्याआधी त्यांनी ते दोनदा झटकलं. शाई व्यवस्थित येत होती, हे मालनबाईंना दिसत होतं. अठ्ठेचाळीस मागांमधून चालत जाणारा, कुणाला काही न विचारता एका मागापाशी थांबणारा पंचविशीतला माणूस त्यांनी कांड्यांच्या टोपलीआडून कितीतरी वेळा पाहिला होता.

"थांबा," त्या म्हणाल्या.

दिगंबरराव थांबले.

"नखं मी कापली. त्या पायाची."

"काय?"

"विम्याच्या आधीच्या सोमवारी तुम्ही दाढीला गेला होता ना, तेव्हा. गेल्या साली कापताना रक्त आलं होतं, म्हणून तुम्ही घरात कापायची नाहीत म्हणाला होता. पण दवाखान्यात नेलं की किती घाबरतंय ते. म्हटलं, हळूच कापू. एक पाय झाला, तोवर पळालं." त्यांनी हातातली शेंग परातीत टाकली. "दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, मागचा डावा. वाटलं, मांस कापलं गेलं बहुतेक, म्हणून टेकवत नाही. डॉक्टरनं चांगलं आहे म्हटल्यावर जीव भांड्यात पडला. मग वाटलं, आता कशाला बोला."

"रक्त आलं होतं?"

"थेंबभर नाही."

दिगंबररावांनी पेन खाली ठेवलं. धोटा टेबलाखाली पसरला होता. त्यांनी वाकून त्याचा मागचा डावा पंजा हातात घेतला आणि या वेळी तो उलटा न करता वरून पाहिला. मग मागचा उजवा पाहिला. काळी नखं, केसांत अर्धी झाकलेली. एका पायाची दुसऱ्यापेक्षा जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी आखूड.

मग सरळ होऊन त्यांनी टेबलावर एक बोट असं आपटलं की आधी नख वाजलं आणि मग बोटाचं टोक टेकलं.

"ऐक. टिक-थप."

मग बोट सपाट करून नुसतं टोक आपटलं.

"थप. कळलं?"

"नाही."

"कडक फरशीवर पाऊल पडतं तेव्हा आवाज एक नसतो, दोन असतात. आधी नख टेकतं, ते वाजतं. मग गादी टेकते, तिचा आवाज जाड. मध्ये वेळ किती, तर सेकंदाचा शंभरावा भाग. आपल्याला तो एकच ठोका वाटतो, आणि तो नखापासून सुरू होतो. नख कापलं की पहिला अर्धा आवाजच गेला. उरली नुसती गादी. पाय वेळेवरच पडतो. आवाज उशिरा निघतो." त्यांचा स्वर खात्यातल्यासारखा चढला होता. "पट भार मोजतो. त्याला नख वाजलं काय न वाजलं काय सारखंच. तो बरोबर होता. आणि नख रोज वाढतंय, म्हणून फरक कमी होत चाललाय."

"आणि तुम्ही?"

"मी ऐकलं ते बरोबर होतं. अर्थ चुकीचा लावला. झीज, झीज करत बसलो." त्यांनी फॉर्म बाजूला सारला. "कटर कुठाय?"

"शेवयांच्या डब्यात."

"तिथं?"

"तुम्ही तिथं कधी हात घालत नाही."

नुसतं पटून भागणार नव्हतं. सिद्ध करायला हवं होतं. त्यांनी धोट्याचा पुढचा उजवा पाय निवडला. मालनबाईंनी त्याचं तोंड मांडीवर धरून त्याच्याशी गप्पा मारल्या, आणि दिगंबररावांनी एकेका नखाचं टोक घड्याळजीसारखं उतरवलं. मग ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"सोड."

धोटा चालत आला. मागचा उजवा: टिक-थप. पुढचा उजवा: थप. मागचा डावा: थप. पुढचा डावा: टिक-थप.

"आता दुसरा ठोकाही उशिरा," दिगंबरराव भिंतीला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निकिता घरी आली. तिनं फोन फरशीवर ठेवून धोट्याची चाल ध्वनिमुद्रित केली आणि पडद्यावर आवाजाची रेघ मोठी करून पाहिली. दोन पायांच्या ठोक्यांना आधी एक बारीक सुळका होता. दोन पायांच्या नव्हता. ती ते बघत राहिली.

"काका, हे तुम्हाला नुसतं ऐकून कळलं?"

"खात्यात असतीस तर तुलाही कळलं असतं. तुझ्या आजोबांना कळायचं. पण ते बंद करा म्हणायचे नाहीत, बीमवरचं सूत संपू दे म्हणायचे."

कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते दिगंबररावांनी सांगितलं आणि निकितानं टंकलं: 'मालकाच्या पत्नीने एकाच पायाची नखे कापली होती. उरलेल्या पायांची कापण्याचे काम चालू आहे.'

"हे असंच पाठवू?"

"असंच."

"आणि खाली लिही," मालनबाई म्हणाल्या, "कानात दोष नाही."

आठ दिवसांनी पॉलिसी आली. त्यात धोट्याचे चारही पाय होते.

•

पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा फॉर्म आला तेव्हा मालनबाई चष्मा लावून तो मोठ्यानं वाचत होत्या. दिगंबरराव चहा पीत होते. चौगुले मास्तर अजून आपला लॅब्रडॉर उचलूनच नेतात, फक्त आता जावयाची पाठ धरल्यामुळे दुसरा जावई येतो, ही बातमी सांगून झाली होती.

"लसी वेळेवर, होय. पत्ता बदलला का, नाही." मालनबाई थांबल्या. कागद त्यांनी जरा लांब धरला, मग जवळ आणला. "अहो, हे नवीन आहे. चौदावा प्रश्न. 'ऐकू आलेला बदल नोंदवण्यापूर्वी प्राण्याच्या चारही पायांची नखे सारखी कापलेली आहेत याची खात्री केली आहे काय?'"

दिगंबररावांनी कप खाली ठेवला.

"सगळ्या देशातल्या फॉर्मवर?"

"छापीलच आहे. माझं नाव घातलं नाही तेवढं बरं केलं."

"लिही होय."

"खात्री केलीय का पण?"

"परवाच कापलीत की दोघांनी मिळून. सोळाच्या सोळा, अंगठ्याची धरून अठरा."

मालनबाईंनी 'होय' लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढं सरकवला. दिगंबररावांनी पेन घेतलं, आणि त्यांच्या गुडघ्यावर काहीतरी ऊबदार टेकलं. त्यांनी खाली पाहिलं. धोटा अंगणातून केव्हाच आत आला होता, अख्खी फरशी ओलांडून, आणि हनुवटी त्यांच्या गुडघ्यावर ठेवून चपातीची वाट बघत उभा होता.

"आलेला ऐकूच आला नाही," दिगंबरराव म्हणाले.

"मलाही नाही," मालनबाई म्हणाल्या, आणि चपातीचा तुकडा मोडला.